थेंबांची नोंदवही

दुर्गच्या पद्मनाभपूरमध्ये सकाळी फिरताना एखाद्या फाटकाच्या आत गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरू नका. अपघात वगैरे नाही. ते भिलाई स्टील प्लँटमधून रिटायर झालेले मराठी काका आहेत. पायांत सेफ्टी शूज असतील. प्लँटने काकांना सोडलं, काकांनी शूज सोडले नाहीत.

असे काका भिलाई-दुर्गात गल्लीला एक तरी सापडतात. मूळ वर्ध्या-नागपूरकडचे, नोकरीला इकडे आले आणि इथलेच झाले. आमचे काका रेल मिलच्या हायड्रॉलिकमध्ये होते. 260 मीटरचे रूळ जिथून निघतात, तिथे तेल आपल्याला विचारल्याशिवाय गळत नसे, असं त्यांचं म्हणणं. 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसाद पहिल्या ब्लास्ट फर्नेसच्या उद्घाटनाला आले तेव्हा काका वर्ध्यात दुपट्यात होते. पण सांगतात असं, की भट्टीला पहिली काडी यांनीच लावली. प्लँट रशियनांच्या मदतीने उभा राहिलेला, पण काकांना रशियन दोनच शब्द येतात. काम जमलं की ‘खराशो’, मी टॉर्च नीट धरली नाही की ‘दवाय, दवाय’.

तर या काकांची मारुती आठशे गळायला लागली.

दुसऱ्या कुणी सरळ गॅरेज गाठलं असतं. काकांनी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि प्लँटची जुनी डायरी काढली. फर्स्ट शिफ्ट : 4 थेंब. सेकंड शिफ्ट : 3. नाइट : 5. नाइटचे पाच पाहून काका गंभीर झाले. नाइटला सुपरव्हिजन ढिली पडते, हा त्यांचा 36 वर्षांचा अनुभव.

‘‘तेल टपकते तिथून गळत नसते, बावा,’’ त्यांनी मला समजावलं. ते खरंच आहे. तेल वरून कुठून तरी पाझरतं, ओघळत खालच्या कडेशी येतं आणि भलत्याच नटावर आळ घेतं. काकांनी रॉकेलने इंजिन धुतलं, वाळवलं आणि त्यावर काकूंचा पावडरचा डबा रिकामा केला. पाच मिनिटं इंजिन चालवल्यावर त्या पांढऱ्याशुभ्र अंगावर एक काळी रेघ उमटली. तिचं मूळ ऑइल प्रेशरच्या स्विचपाशी निघालं. एवढासा स्विच, एक सुताचा आटा. आणि घरभर मोगऱ्याचा वास.

गल्लीच्या तोंडावरचा मिस्त्री फाटकातूनच म्हणाला, ‘‘कका, दू मिनट के काम ए.’’ हेच चुकलं. दोन मिनिटांचं काम काकांना अपमानासारखं लागतं. त्यांनी मला बसवून निमुळता आटा शिकवला : सोळा इंचांत एक इंच निमुळता, म्हणून बुचासारखा आवळत जातो, चेंबरच्या बोल्टचा आटा सरळ, तो वायसरच्या जोरावर तेल अडवतो. दोन्हींत गल्लत करणारा माणूस काकांच्या लेखी मॅट्रिक नापास.

एवढं शिकवून त्यांनी स्विच काढला आणि नळाची पांढरी टेफ्लॉन टेप त्यावर गुंडाळली. दोन वेढ्यांत भागलं असतं. काकांनी अकरा दिले. स्विच पागोटं बांधल्यासारखा दिसायला लागला. मग पाना. ‘‘अजून पाव आटा.’’ मग पुन्हा पाव. प्रत्येक पावाला माझ्या पोटात गोळा, कारण निमुळता आटा फार आवळला की ज्यात बसवतो तेच तडकतं. नशिबाने तडकलं नाही.

तेल थांबलं. काकांनी ‘निरंक’ लिहिलं, तारीख घातली, सही ठोकली.

चहा आणताना काकू सहज म्हणाल्या, ‘‘अहो, आधी किल्ली फिरवली की तेलाचा लाल दिवा लागायचा. आता लागतच नाही.’’

‘‘तेल भरपूर आहे, कायले लागंल?’’

‘‘इंजिन बंद असताना लागायचा, म्हणते मी.’’

काका कप खाली न ठेवता उठले. त्या स्विचला वायर एकच. अर्थिंग मिळतं ते आट्यातून, इंजिनच्या लोखंडाला टेकून. अकरा वेढ्यांच्या पागोट्याने अर्थिंगच तोडलं होतं. तेल संपून इंजिन धरलं असतं तरी दिवा गप्प बसला असता. पागोटं उतरलं. आत गेलेला टेपचा तुकडा तेलाची वाट अडवतो म्हणून काकांनी चिमट्याने तंतू तंतू वेचला. आटे पेट्रोलने धुतले, लिक्विड सीलंटचे दोन थेंब लावले, पहिला आटा कोरडा ठेवला, हाताने घट्ट केलं आणि पान्याने जेमतेम एक फेरा. गाडी रात्रभर तशीच. सकाळी किल्ली फिरवली : दिवा लागला. इंजिन सुरू : विझला. ‘खराशो’ मात्र या वेळी काकू म्हणाल्या.

त्यानंतर वर्तमानपत्र कोरडंच राहिलं. फर्स्ट, सेकंड, नाइट, सगळीकडे निरंक. चौथ्या दिवशी काका वाळले. दर तासाला फाटकापर्यंत यायचे, वाकून पाहायचे, परत जायचे. काकूंनी मला हळूच विचारलं, ‘‘डॉक्टरला दाखवायचं का रे?’’

परवा पहाटे आमच्या अंगणात उजेड हलताना दिसला. चोर समजून काठी घेऊन गेलो. माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाशी काका उकिडवे बसले होते. तोंडात टॉर्च, मांडीवर डायरी.

‘‘पोरा, तुझं डावं शॉकअप रडून राह्यलं ना! कधीपासून?’’

‘‘माहीत नाही, काका.’’

‘‘माहीत नाही?’’ त्यांनी नवीन पान उघडलं. ‘‘पेपर आण जुना.’’