चौथा ठोका

आमच्या घरात इतिहास शिकवायचं काम सध्या धाकट्या पिढीकडे आहे. मागच्या पावसाळ्यात पोरगी कॉलेजातून आली, सॅक सोफ्यावर फेकली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही आमच्याच कॉलेजच्या बँडमध्ये होता ना? मग चौथ्या ठोक्याचा इतिहास तुम्हाला माहीतच असेल."

चौथ्या ठोक्याचा इतिहास त्या वेळी बनियनवर बसून बशीतून चहा पीत होता.

"तू सांग की," मी म्हणालो.

तिनं सांगितलं. संचलन थांबलं की मोठ्या ढोलावर तीन ठोके पडतात, ते तिरंग्याचे. मग सगळं मैदान चिडीचूप. ढोलवाला मनातल्या मनात तेरापर्यंत मोजतो आणि चौथा ठोका देतो, तो मराठवाड्याचा. देश स्वतंत्र झाला 15 ऑगस्ट 1947 ला, मराठवाडा निजामाकडून सुटला 17 सप्टेंबर 1948 ला. मधे तेरा महिने गेले, म्हणून तेरा आकडे. वर दोन दिवस उरतात, त्यांच्यासाठी साईड ड्रमच्या कडेवर काडीनं टक्-टक्.

"हे सुरू कुणी केलं?" मी विचारलं.

"होता एक विद्यार्थी. त्याचे आजोबा मुक्तिसंग्रामात होते म्हणे."

माझे आजोबा त्या काळात बीडकडं शेळ्या राखत होते. निजाम गेल्याचं त्यांना दसऱ्याला सोनं वाटताना कळलं, असं आजी सांगायची.

हे सगळं नीट कळायला आधी बजाजनगर कळलं पाहिजे. आमच्या वस्तीला पुराणकाळ नाही. वाळूजचा बजाजचा कारखाना अवघ्या सोळा महिन्यांत उभा राहिला आणि नोव्हेंबर 1985 मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पाठोपाठ बीड, जालना, परभणी, बुलढाणा, नगर, जिथून जिथून एसटी सुटत होती तिथून तिथून माणसं आली. आमचे वडील 86 साली आले, एक वळकटी आणि आयटीआयचं फिटरचं सर्टिफिकेट घेऊन. इथल्या पत्त्यांत वाडा नाही, आळी नाही, पेठ नाही. आरएल, आरएम, आरएच आणि पुढं प्लॉट नंबर. नवखा पाहुणा घर शोधायला लागला की गोदामात स्पेअर पार्ट शोधल्यासारखा दिसतो. चारी बाजूंना कारखाने आणि कारभाराला वडगाव कोल्हाटीची ग्रामपंचायत.

अशा ठिकाणी कुणाचंच मूळ गाव नसतं, त्यामुळे परंपरेची सगळ्यांनाच घाई असते. गणपती बसवायच्या दुसऱ्याच वर्षी पावतीवर 'सालाबादप्रमाणे यंदाही' छापून येतं. तिसऱ्या वर्षी मंडळात फूट पडते आणि चौथ्या वर्षी दोन्ही मंडळं मानाची होतात. पुण्यात ज्या गोष्टीला शंभर वर्षं लागली ती आम्ही चार वर्षांत बसवतो. शेवटी प्रॉडक्शनचं गाव आहे.

आमच्या कॉलेजचा बँड त्याच चालीनं उभा राहिला. पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते, त्यांना प्राचार्यांनी बोलावलं. चार साईड ड्रम, एक मोठा ढोल, झांजांची एक जोडी, एक ट्रँगल आणि दोन बिगुल. बिगुलला कळा नसतात, सगळा खेळ ओठांचा. त्यातून जेमतेम पाच स्वर निघतात. आमच्या बिगुलवाल्याला त्यातले तीन सापडले होते, आणि तेवढ्यावर तो दोन वर्षं राष्ट्रभक्ती निभावून नेत होता. गणवेश एका लग्नाच्या ब्रास बँडकडून उतरलेल्या भावात आणला होता. लाल कोट, सोनेरी झालर. माझ्या कोटाच्या खिशात पहिल्या दिवशी मूठभर अक्षता निघाल्या. त्यामुळे आम्ही संचलन करत निघालो की रस्त्याकडेच्या बायका आपोआप मागं नवरदेवाचा घोडा शोधायच्या.

मोठा ढोल माझ्याकडे आला तो गुणांमुळे नाही, पोटामुळे. हवालदारसाहेब म्हणाले, "ढोल टेकवायला जागा पाहिजे, तुझ्याकडं आहे." मोठ्या ढोलाचं काम दिसायला सोपं. डावा पाय पडला की ठोका. मिनिटाला एकशेवीसच्या आसपास पावलं, म्हणजे साठ ठोके. थांबल्यावर तीन सुटे ठोके, त्यावर पाहुण्यांनी सलामीचा हात खाली घ्यायचा, आणि कार्यक्रम समाप्त. हे तीन ठोके हवालदारसाहेबांच्या घरचे. कुठल्या ड्रिलबुकात आहेत ते विचारायची आमची हिंमत नव्हती.

अडचण सरावाची होती. कायद्याच्या लेखी दिवस सकाळी सहाला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. तेवढ्या वेळात वस्तीत 55 डेसिबलपर्यंत आवाज चालतो, असं पुढं 2000 च्या नियमांत आलं. बजाजनगरात मात्र कुणाच्या ना कुणाच्या घरात चोवीस तास मध्यरात्र असते. सकाळी वाजवलं तर तिसरी पाळी करून आलेला माणूस लुंगीवर बाहेर येणार. दुपारी वाजवलं तर दुसऱ्या पाळीला जाणाऱ्याचा डोळा नुकताच लागलेला असणार. संध्याकाळी पहिल्या पाळीवाला. आम्ही पाळ्यांचं वेळापत्रक पाहून ढोलावर घोंगडी टाकून सराव करायचो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, मुलं गादी झोडपतायत.

आणि झोपेच्या या उतरंडीत मी स्वतःच सगळ्यात खाली होतो. दिवसा बी.कॉम., रात्री एका छोट्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर प्रेस मशीन. पत्रा सरकव, पायटा दाब, धाड. पत्रा सरकव, पायटा दाब, धाड. 1995 च्या 14 ऑगस्टला रात्रपाळी करून, हात धुऊन, तेलाच्या वासासकट लाल कोट चढवून मी थेट मैदानावर उभा राहिलो. संचलन उत्तम झालं. बिगुलवाल्याला त्या दिवशी चौथा स्वरही सापडला. आम्ही थांबलो. मी तीन ठोके दिले. पाहुण्यांनी हात खाली घेतला. सगळीकडे शांतता पसरली, आणि शांतता पसरली की रात्रपाळीवाल्या माणसाचं काय होतं ते रात्रपाळीवाल्यालाच ठाऊक.

मी उभ्याउभ्या झोपलो. मान खाली गेली, मानेबरोबर हात गेला आणि हाताबरोबर काठी. धाड.

पाहुण्यांनी दचकून पुन्हा सलामी ठोकली. ते पाहून प्राचार्यांनी, प्राचार्यांना पाहून उपप्राचार्यांनी, आणि मग पार शिपाई मामांपर्यंत सगळ्यांनी. मैदानाबाहेर चण्याची गाडी लावणाऱ्यानंही हातातला कागदी पुडा कपाळाला लावला.

संध्याकाळी हवालदारसाहेबांसमोर मी मान खाली घालून उभा होतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बज गया सो बज गया. आता दरवेळी वाजवायचं."

"दरवेळी?"

"एकदा वाजला तर चूक. दरवेळी वाजला तर कायदा."

तेव्हापासून 17 सप्टेंबरला, 26 जानेवारीला मी तीन ठोके देऊन, जरा थांबून, चौथा देऊ लागलो. उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आम्हा मराठवाड्यातल्यांना झेंडावंदन एक जास्तीचं असतं, त्यामुळे सवयही लवकर लागली. मी पास झालो, माझ्याच वर्कशॉपमध्ये हिशेबाला लागलो, लग्न झालं. चौथा ठोका मागं राहिला तो राहिलाच.

पुढचं मी लांबून बघत होतो. हवालदारसाहेब गावी गेले. बिगुल कपाटात हिरवे पडले. खेळाचे नवे सर आले, त्यांनी लेझीम आणली. तेव्हा आमच्या जुन्या बँडवाल्यांचा केवढा जळफळाट! ही काय बँडची रीत झाली? खरं तर लेझीम हा शब्दच फारसीतला. साखळी लावलेलं व्यायामाचं धनुष्य, असा त्याचा मूळ अर्थ. ती फारसी कमान इतकी मराठी झाली की 1982 च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात महाराष्ट्र म्हणून लेझीमच खेळली गेली. पण हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण? आमच्या उसन्या लाल कोटांना आम्ही अस्सल समजत होतो, इंग्रजांच्या पलटणीतून लग्नाच्या वरातीत आणि वरातीतून आमच्या अंगावर आले असले तरी.

मग पुण्याकडून ढोलताशा पथकांची लाट आली. पांढरे कुर्ते, भगवे फेटे, ध्वज, टोल. मुली आल्या, आणि दोन वर्षांत मुलांपेक्षा जास्त झाल्या. पूर्वी मोठ्या ढोलासाठी पोट बघायचे, आता ढोल कमरेला बांधून चाळीस किलोची पोरगी तासभर वाजवते आणि वर पाणीपुरी खाते. ढोलाचं चामड्याचं पान जाऊन फायबरचं आलं, दोरी जाऊन नटबोल्ट आले. नटबोल्ट आल्यावर बजाजनगरातले बाप गप्प बसणं शक्यच नव्हतं. माझा एक दोस्त असेंब्ली लाइनवर आयुष्य काढलेला. तो घरून टॉर्क रेंच घेऊन आला आणि सगळ्या ढोलांचे सगळे नट एकाच मापात आवळले. वर चेकशीट लावली. पुण्यातल्या पथकात ढोल कानानं लावतात, आमच्यात इन्स्पेक्शन होऊन पास होतो. एक ढोल दोनदा रिजेक्ट झाला म्हणून वाजवणारी पोरगी रडली होती.

बँड गेला, लेझीम मागं पडली, ढोलताशा आला. पण जुना मोठा ढोल, त्याची विरत चाललेली झालर आणि त्यावरचे चार ठोके तेवढे टिकले. तेरा आकडे कुणी घातले ठाऊक नाही. मी तर दीड सेकंद झोपलो होतो. शेवटची टक्-टक् मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवात, 2023 साली, आली असं पोरगी सांगते. सूत्रसंचालक आता पाहुण्यांना आधीच सूचना देतो: "चौथ्या ठोक्याला कृपया पुन्हा सलामी द्यावी."

जगात असा मी एकटाच असेन असं वाटायचं. मग कळलं की अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड मैदानावर चालत चालत 'ओहायो' ही अक्षरं लिहितो, आणि त्यातल्या आयवर टिंब द्यायला सूझाफोन नावाचं अजगराएवढं वाद्य गळ्यात अडकवलेला एक जण जातो. 1938 साली बँडचा पुढारी टिंबाच्या जागी वेळेच्या जरा आधीच पोचला. संगीत उरलं, करायला काही उरलं नाही. त्या सूझाफोनवाल्यानं वेळ मारून न्यायला एक लाथ झाडली, गिरकी घेतली आणि कमरेत वाकून नमस्कार घातला. तेव्हापासून टिंब देणारा प्रत्येक जण तेच करतो, आणि ते टिंब व्हायचा मान मिळावा म्हणून पोरं वर्षानुवर्षं झटतात. मला त्या माणसाला बजाजनगरात जेवायला बोलवावंसं वाटलं. मोहटादेवी चौकात फुल्ल रस्सा खिलवला असता.

एवढा धीर आल्यावर मी घरात कबुली दिली. पोरगी म्हणाली, "पप्पा, सगळं जगात तुम्हीच सुरू केलेलं असतं." विश्वास ठेवला तो एकट्या बायकोनं. "झोपले असतील उभ्यानं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "आमच्या लग्नात मंगलाष्टकांत झोपले होते. मामांनी धरलं म्हणून बरं."

मी सरळ पथकाच्या कॅप्टनकडं गेलो. कॅप्टन म्हणजे शेवटच्या वर्षाची एक मुलगी, गळ्यात शिट्टी, नजर हवालदारसाहेबांची. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका," ती म्हणाली, "असे दरवर्षी दोन-तीन माजी विद्यार्थी येतात. सगळ्यांनाच वाटतं आपण सुरू केलं."

"अहो पण मी खरंच..."

"तुमची भावना कळते मला. असं करू या, या 17 सप्टेंबरला ठोके तुम्ही द्या. माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं."

सकाळी सातला मैदान भरलं होतं. पथकानं अख्खं मैदान हलवलं, फेट्यांचे शेमले उडत होते, वरून ड्रोन फिरत होता. मग सगळं थांबलं आणि जुना ढोल माझ्या पोटावर आला. ढोल तेवढाच राहिला होता, जागा वाढली होती. मी ठरवून आलो होतो की तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं, एकदाचा हिशेब चुकता. पहिला दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. पाहुण्यांनी हात खाली घेतला.

आणि अशी काही शांतता पसरली की बस. पाचशे पोरं श्वास धरून उभी. समोरच्या रांगेत माझी पोरगी, ओठ हलतायत, मोजतेय. वडगावकडून कोंबडा आरवला. माझी सगळी हिंमत गेली. मीही मोजायला लागलो. सहा. सात. आठ. रात्री ठोक्याच्याच काळजीनं झोप लागली नव्हती, डोळ्यांवर जडपणा होता, नऊपर्यंत आलो आणि मान जरा खाली गेली.

धाड.

पाहुण्यांचा हात अर्धा वर, अर्धा खाली. साईड ड्रमवाला पोरगा काडी उचलून गोंधळून माझ्याकडं बघतोय. प्राचार्यांनी सलामी दिली, मग सगळ्यांनी दिली.

कॅप्टन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, चार महिने आधीच सोडवलंत मराठवाड्याला. आणि ते दोन दिवस तर राहूनच गेले."

मी ढोल उतरवत होतो. मागं पहिल्या वर्षाची दोन पोरं मोबाईलवर तेच शूटिंग पुन्हा बघत होती.

"नऊ होते रे," एक म्हणाला. "मी मोजले."

"जुने लोक नऊच मोजत असतील," दुसरा म्हणाला. "लिहून ठेव."