ठुशीची दोरी

नाक वडिलांवर गेलं, रंग काकांवर, आणि केस कोणावर गेले ते कळायच्या आत गेलेच. गळा तेवढा माझा होता. लग्नात एका मावशीने मला ‘कंबुकंठी’ म्हटलं होतं, ते मी तीस वर्षं पुरवून वापरलं. शंखाला मध्ये फुगवटा असतो, हे मात्र ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, “पाणी प्या. गिळा.” गिळल्यावर गळ्यातलं काहीतरी लिफ्टसारखं वर जाऊन खाली आलं. सोनोग्राफीने शिक्कामोर्तब केलं. थायरॉइड म्हणे फुलपाखराच्या आकाराची असते, वजन जेमतेम वीस ग्रॅम. माझ्या फुलपाखराचं वटवाघूळ झालं होतं. टीएसएच मात्र 2.6. नॉर्मल. बाकीचे रिपोर्टही नॉर्मल.

“मग मी मे महिन्यात शाल का पांघरते?”

“वय.”

“आवाज बसतो तो?”

“टेन्शन घेऊ नका.”

“दुपारी तीनला पायातला जीव जातो...”

“चालायला जात जा.”

सोसायटीत बातमी पसरली. “मलापण थायरॉइड आहे,” असं चौघींनी सांगितलं. तो तसा सगळ्यांनाच असतो, पण मी गप्प बसले. पाचवीने आयोडीनचं मीठ सोडून सैंधव खायला सांगितलं. गलगंड आटोक्यात यावा म्हणून सरकार 1962 पासून लोकांच्या मिठात आयोडीन घालायला धडपडतंय, आणि आमच्या बी विंगमध्ये ते काढायची चळवळ जोरात!

पण खरा विषय ठुशीचा. ठुशीवर बोलायला लागले की मला थांबवावं लागतं. मोहनमाळ लोंबते, तन्मणी रुळतो, चपलाहार थेट पोटाची चौकशी करायला जातो. चिंचपेटी गळ्याला धरून बसते, पण मोत्यांच्या तोऱ्यात. ठुशी म्हणजे ठासून बसवलेले सोन्याचे मणी, आणि मागे सरकत्या गाठीची दोरी. सगळी अक्कल त्या दोरीत! पाटल्या ‘मापाच्या नाहीत’ म्हणून हातावर अडून बसतात. ठुशी सासूला होते, सुनेला होते, नातीला होते. नॉर्मल रेंज ठरवायचं काम ठुशी घडवणाऱ्यांकडे द्यायला हवं होतं.

तर, गेली चार वर्षं माझी गाठ दर दिवाळीला थोडी मागे सरकत होती. मला वाटायचं, दोरी आटली. यंदा गाठ अगदी टोकाला पोचली, आणि तिथे दोरीवर आधीच एक जुना, चेपलेला वळ दिसला. ठुशी आजीची.

फोटोतली आजी पदर गळ्याशी घट्ट ओढून बसलीये. चार पायऱ्या चढली की ती टेकायची. घरात सगळे म्हणायचे, आजी जरा आळशीच. मीही म्हणायचे. तिला ‘पाणी गिळा’ असं कधी कुणी म्हटलंच नाही. तिला आळशी म्हणाले, मला नॉर्मल म्हणतात. एवढी प्रगती झाली खरी, पण थकवा दोघींचा तसाच.

दोरी बदलायला तुळशीबागेत गेले. पटवेकऱ्याने गळ्याकडे एकदाच पाहिलं. रिपोर्ट मागितला नाही, वय विचारलं नाही.

“ताई, अजून वाढायचाय का? तर दोन बोटं जास्तीची ठेवतो.”

“तीन ठेवा,” मी म्हटलं.