काढलंच आहे तर...

मोटारीच्या पोटात थर्मोस्टॅट नावाची एक मुठीत मावणारी वस्तू असते. तिच्यात मेण भरलेलं असतं. इंजिनातलं पाणी साधारण 82 ते 88 अंशांपर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरकडे जायची वाट मोकळी होते. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. सगळा कारभार मेणाच्या प्रामाणिकपणावर. कधीतरी ही झडप मिटलेलीच राहते. मग भर मे महिन्यात, खंबाटकी घाटाच्या कडेला बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्यांत आपल्या गाडीची भर पडते. उष्णतेचा काटा न बघता तशीच दामटली, तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅसकेट उडतं, ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ होतं. ‘हेड गेलं’ हे मेकॅनिक जरा आवाज खाली आणूनच सांगतो. आकडा त्यानंतर सांगायचा असतो ना!

रेडिएटरचं झाकण थर्मोस्टॅटपेक्षाही गरीब. पण ते काही नुसतं पाणी सांडू नये म्हणून बसवलेलं नसतं. कुकरच्या झाकणासारखं ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून तर शंभराच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. त्याचं रबर कडक झालं की दाब सुटला. घरातला कुकर कडेने फुसफुसायला लागला, तर संध्याकाळच्या आत नवी रिंग येते. वरण शिजायचं थांबतं, त्यामुळे निर्णय लांबत नाही. गाडी बिचारी झिजत झिजतही ऑफिसला पोचवत राहते. आपण तिला शाबासकी देतो आणि होजपाइपला पडलेल्या भेगांवरून प्रेमाने फडकं फिरवतो.

बरं, एखाद्याने वेळेवर भाग बदललाच, तरी त्याचं कौतुक व्हायची सोय नाही. खर्चाचं बिल हातात असतं, टळलेल्या बिघाडाची पावती कुठलंच गॅरेज देत नाही. वर जुना भाग काढून हातात घ्यावा, तर तो दिसायला धडधाकट.

“बंद पडली होती का गाडी?” घरातून विचारणा होते.

“नाही.”

“मग बदललं कशाला?”

यावर आजवर कुठल्याही नवऱ्याला उत्तर सुचलेलं नाही. त्यापेक्षा गाडी घाटात बंद पडलेली परवडते. निदान सहानुभूती मिळते, आणि पुढची दहा वर्षं सांगायला एक किस्साही.

खरी मेख मजुरीत असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण एखाद्या मेकॅनिकनेच रचली असावी असा मला दाट संशय आहे. टायमिंग बेल्ट घ्या. दातेरी रबराचा साधा पट्टा. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना एका तालात फिरवतो. तो तुटण्याआधी सहसा कुरकुरत नाही, नोटीस देत नाही. अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, कारण गाडी दारात झाकून ठेवली तरी रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. (चेनवाल्या गाड्यांच्या मालकांनी हा परिच्छेद हसत वाचावा.) त्या पट्ट्यापर्यंत पोचायला बरंच काही उस्कटावं लागतं, आणि पुष्कळ इंजिनांत वॉटर पंपही तिथेच बसलेला असतो. तेव्हा मेकॅनिक पान्याने डोकं खाजवत म्हणतो, “काका, काढलंच आहे तर पंपपण टाकून घ्या.” इथे तो शंभर टक्के बरोबर असतो. पंचाईत अशी की पंपानंतर टेन्शनर, टेन्शनरनंतर ऑइल सील अशी ‘काढलंच आहे तर’ची दिंडी निघते आणि तिला पंढरपूर नसतं.

उलट बाजूही ऐकायला हवी. दुसऱ्या महायुद्धात सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ ब्रिटिश हवाईदलाच्या कोस्टल कमांडचा अभ्यास करत होते. ठरलेल्या तपासणीनंतर लगेचच विमानांत बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे चांगल्या चाललेल्या यंत्रात हात घालणं हेच दुखण्याचं मूळ. पुढे 1978 साली नोलन आणि हीप यांच्या विमान-देखभालीवरच्या अहवालाने सांगितलं, की विमानाच्या सुमारे 89 टक्के भागांना निवृत्तीचं वय ठरवून काही फायदा होत नाही. हे वाचून काही लोक लगेच पाकीट खिशात परत ठेवतात. त्यांनी एवढंच बघावं की होजपाइप, पट्टे, झाकणाची रिंग ही सगळी रबराची मंडळी उरलेल्या 11 टक्क्यांच्या स्वभावाची. त्यांना बदला; सेन्सर, वायरिंग आणि जे मुकाट्याने चाललंय, त्याला केवळ वाढदिवस आला म्हणून हात लावू नका.

काढलेल्या जुन्या पट्ट्याचं काय करायचं, यावर मात्र मराठी माणसात एकमत आहे. “टाकून देऊ?” असं पोऱ्याने विचारायचा अवकाश, की आपण तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतो. असू दे, अडीअडचणीला होईल. मग डिकीत जुना फॅनबेल्ट, जुने प्लग, जुना होजपाइप अशी एक अख्खी सेवानिवृत्त गाडी साठत जाते, आणि अॅव्हरेज का पडतंय हे विचारायला आपण पुन्हा त्याच गॅरेजमध्ये जातो.