कपॅसिटरकाका

तुमच्याही सोसायटीत ते असणारच. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि ओठांवर एकच निदान, "कपॅसिटर गेलाय!"

पंखा मंदावला की काका अडीच एमएफडीचा कपॅसिटर आणायला सांगतात, आणि पंख्यापुरतं ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. घोटाळा झाला तो तिथेच. त्या यशाच्या जोरावर त्यांनी मिक्सर, गीझर, एकदा तर दारावरची बेलसुद्धा कपॅसिटरच्या खाती टाकली. गीझरमध्ये कपॅसिटर नसतोच, असं वायरमनने सांगितल्यावर म्हणाले, "म्हणूनच सारखा बिघडतो!"

ऐन जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर बंद पडला. ड्रायर म्हणजे आपला तो बाजूचा टब, कपडे गरागरा फिरवून पाणी काढणारा. काका हजर.

"कपॅसिटर!"

"अहो, पण कपॅसिटर गेला की मोटार निदान घुमते ना? ही तर चिडीचूप आहे."

काकांनी ऐकलं नाही. प्लग काढला, मशीन भिंतीपासून ओढलं, मागचा पत्रा उघडला, नऊ स्क्रू जर्मनच्या वाटीत ठेवले. पाऊण तास, दोन चहा. पत्रा पुन्हा बसला, प्लग लागला, ड्रायर ढिम्म. मग वहिनींच्या सातवीतल्या मुलाने झाकणात अडकलेलं टॉवेलचं टोक आत सारलं आणि झाकण नीट बंद केलं. गरगर सुरू! झाकणाखाली एक स्विच असतो. झाकण जरा वर राहिलं की तो वीज तोडतो.

"कपॅसिटर तापला होता," काका म्हणाले. "आता गार झाला."

गणपतीच्या आदल्या रात्री दहाला तोच ड्रायर पुन्हा अडला. पाहुण्यांच्या ओल्या कपड्यांचा ढीग, बाहेर धो धो पाऊस, दुकानं बंद. या वेळी मोटार नुसती घुमत होती. टब हाताने मोकळा फिरे, पण आपणहून हलेना.

"कपॅसिटर!" आणि खरोखरच कपॅसिटर. काका छत्री न घेताच समोरच्या बिल्डिंगमधल्या आपल्या घरी गेले, दहा मिनिटांत नेमका तेवढ्याच एमएफडीचा घेऊन आले. पैसे? छे. "घरात पडला होता."

दुसऱ्या दिवशी मुलगा मोदक द्यायला गेला, तेव्हा काका मोरीत उकिडवे बसून सदरा पिळत होते. काकू गेल्यापासून धुवायला असतात ते दोन सदरे नि एक पंचा. त्यांचं मशीन भिंतीपासून पुढे ओढलेलं होतं, मागचा पत्रा उघडा, आणि वर वाटीत नऊ स्क्रू.