बेचाळिसाव्या मजल्यावरचा लालबाग

जाहिरात रविवारी येते आणि पहिलं पान अख्खं गिळते. वर्तमानपत्राचं नाव बघायलाही पान उलटावं लागतं. चित्रात टॉवर, टॉवरमागे केशरी आभाळ आणि पायथ्याशी रस्ता, तोही रिकामा. लालबागचा रस्ता रिकामा दिसायला एक तर टाळेबंदी लागते, नाही तर संगणक.

मजकूर मात्र गर्दीचाच गोडवा गातो. ‘मुंबईच्या सर्वांत जिवंत वस्तीत’ तीन बेडरूमचं घर, बेचाळिसाव्या मजल्यापासून पुढे. गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका मागवली की दुसऱ्याच पानावर ढोल-ताशा, गुलाल, ‘परंपरा तुमच्या दारात’. नवव्या पानावर खिडक्यांची माहिती असते: दुहेरी काच, बाहेरचा आवाज आत येणार नाही याची हमी. दुसऱ्या पानावर जे विकलं, ते घरात शिरू नये म्हणून नवव्या पानावर काच विकली. दोन्हीचे पैसे गिऱ्हाईकच भरतो.

वस्ती जिवंत आहे हे खोटं नाही. चिंचपोकळीच्या चिंतामणीचं गणेशोत्सव मंडळ १९२० सालचं, गणेश गल्लीचं १९२८चं आणि लालबागच्या राजाचं १९३४चं. म्हणजे तीन मंडळं मिळून ज्या पत्त्याला नाव देत होती, त्याला ‘आयकॉनिक’ म्हणायला एक जाहिरात एजन्सी उगवायची होती. उन्हाळ्यात मसाल्याच्या दुकानांपुढे मिरच्या-धण्यांच्या गोणी आणि घरून यादी घेऊन आलेल्या बायका. डंखावर मिरची पडली की अख्खा फुटपाथ ठसकतो. पलीकडे चिवडा गल्ली, बाजारात सुकट-बोंबील. माहितीपुस्तिकेत यातलं चिवड्याएवढंच येतं, तेही ‘गुर्मे स्ट्रीट फूड’ म्हणून. सुकटाला अजून इंग्रजी नाव मिळालेलं नाही, त्यामुळे ते बाजारातच राहिलंय.

नावांचं खातं तसं स्वतंत्रच आहे. लोअर परळमध्ये कोटी कोटी मोजून ‘लोअर’ राहायला कुणाला आवडेल? म्हणून जाहिरातींत ते कधीच ‘अप्पर वरळी’ झालं. वडाळ्याच्या काही भागाला ‘न्यू कफ परेड’ म्हणतात, आणि मूळ कफ परेडला अजून कुणी हे कळवलेलं दिसत नाही. लालबाग हे नाव मात्र बिल्डरांनी टिकवलं, कारण गणपतीमुळे ते दुबईतल्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी गिऱ्हाइकालाही पाठ आहे. ब्रँड आयता मिळाला तर कोण सोडतो.

साइट ऑफिसात गेलं की आधी थंडगार पाणी, मग कॉफी, मग काचेच्या पेटीत दिव्यांनी लखलखणारं मॉडेल. सेल्सचा मुलगा लेझरने दाखवतो, “सर, इधर ईस्ट साइड, पूरा सी व्ह्यू.” सर मराठी, मुलगा मराठी, व्यवहार हिंदीत. पूर्वेचा समुद्र म्हणजे शिवडीची चिखलट खाडी. पण आता तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो आणि २०२४ पासून जवळजवळ बावीस किलोमीटरचा अटल सेतू असतो, त्यामुळे चिखलाचाही फ्लोअर राइज लागतो. प्रत्येक मजल्यामागे चौरस फुटाला इतके रुपये चढे. तेरावा मजला बऱ्याच टॉवरांत नसतोच. शुभाशुभाच्या बाबतीत बिल्डर इंग्रजांचंही ऐकतो आणि वास्तुशास्त्राचंही.

सॅम्पल फ्लॅट हा खास बघण्यासारखा प्रकार. आतल्या खोल्यांना दारं नाहीत, कपाटांची खोली बेताची, पलंग असा की सहा फुटी माणसाने पाय मुडपूनच झोपावं. भिंतीवर आरसे. जोडप्यातली बाई विचारते, “कपडे वाळत कुठे घालायचे?” मुलगा म्हणतो, “मॅडम, ड्रायर.” “आणि तुळस?” यावर तो ‘डेक’कडे बोट दाखवतो. गॅलरीला डेक म्हटलं की जहाजात बसल्यासारखं वाटतं, आणि हप्ते सुरू झाले की बोट लागल्यासारखंही.

आता थोडा हिशेब. समजा, घर हजार चौरस फूट कार्पेटचं, किंमत सहा कोटी. या भागातल्या आलिशान टॉवरांत हा काही चढा भाव नव्हे. मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट सहा टक्के, म्हणजे छत्तीस लाख. इमारतीचं काम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, आणखी तीस लाख. नोंदणी फी तेवढी तीस हजारांवर थांबते. सरकारलाही कुठे तरी लाज वाटत असावी. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत. स्त्रीमुक्तीचा विचार सहा लाखांना किती झटकन पटतो, हे नोंदणी कार्यालयात बघायला मिळतं.

चौरस फुटाला साठ हजार पडले. तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल लोखंडी कपाट नुसतं उभं करायला दोन लाख सत्तर हजारांची जमीन लागते. आत काय ठेवायचं ते ठेवा, कपाटापेक्षा महाग काही सापडणार नाही. जवळच ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षांपूर्वी बांधलेली, आत दोन पिढ्या आणि गावाहून आलेले पाहुणे. याच भावाने तिचे शहाण्णव लाख होतात. तेवढ्यात टॉवरमध्ये बाथरूम आणि त्याबाहेरचा बोळ येतो.

पण चाळीच्या आठवणींनी गळा काढण्यात अर्थ नाही. चाळ सोडताना रडणारे पुष्कळ असतात. सामायिक संडासासाठी रडलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. बीडीडीच्या पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर फुकट मिळतं, आणि ज्याने नळाच्या रांगेत आयुष्य काढलं त्याने ते का घेऊ नये? गंमत पुढे आहे. खासगी पुनर्विकासात एकाच भूखंडावर दोन इमारती उठतात: जुन्या भाडेकरूंची ‘रिहॅब’ आणि पैसेवाल्यांची ‘सेल’. दोघांचं गेट वेगळं, लिफ्ट वेगळी, कित्येकदा पिन कोड सोडून सगळंच वेगळं. जाहिरातीतली जिवंत वस्ती रिहॅबमध्ये राहते. सेलमधून तिचा व्ह्यू मिळतो.

ही जमीन आली कुठून, हे लेझरवाल्या मुलाला विचारू नये. त्याचा जन्म गिरण्यांच्या संपानंतरचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. गिरणीत मोकळी जागा असते किती? शेड पाडून निघालेली जमीन वाट्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. एका शब्दात सगळं उरकलं. मराठी माणूस ‘मोकळं’ या शब्दाचा एवढा भाव कधी करू शकला नसता.

काही ठिकाणी धुराडं राखून ठेवलंय. रात्री त्यावर प्रकाश सोडतात. भोंग्याची सोय मात्र कुणी केलेली नाही. दुहेरी काच असल्याने केली तरी उपयोग नव्हता. कामगारांनी घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज केले, आणि सरकारने त्यांतल्या हजारोंसाठी जागा सुचवली ती शेलू-वांगणीची. कर्जत लोकल पकडली की थेट पोचता येतं. धुराडं वारसा म्हणून लालबाग-परळात, धूर गिळलेला माणूस वांगणीत.

‘दोन्ही रेल्वेमार्ग चालत्या अंतरावर’ हेही पुस्तिकेत असतं. त्या चालण्यातला एक जिना २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकावर होता. सकाळी पाऊस आला, चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मजले चढत गेले, जिना होता तेवढाच राहिला. स्थानकाचं नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झालं.

ताबा मिळाल्यावर पहिला भाद्रपद येतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं पान आणि नववं पान यांची गाठ पडते. ‘हे रात्री किती वाजेपर्यंत चालतं?’ नियम २००० सालचे आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. नियम योग्यच आहेत, आणि खाली रिहॅबमध्ये म्हातारी माणसं आणि तान्ही बाळंही आहेत. पण त्यांची तक्रार शेजाऱ्याची असते, मंडळाच्या कार्यकर्त्याला घरी बोलावून सुनावलेली. बेचाळिसाव्या मजल्यावरची तक्रार एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) जाते, पोलीस आयुक्तांना टॅग करून. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट चालता लागायचा. इथे तो पोडियमवर पार्क केलेला असतो.

तरीही ज्यांना घ्यायचंय ते घेतील, आणि घ्यावंच. हौसेला मोल नाही, फक्त मुद्रांक शुल्क आहे. जाहिरातीच्या कोपऱ्यात महारेराचा क्यूआर कोड असतो, ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे. आधी तो स्कॅन करावा आणि कार्पेट एरिया, ताब्याची तारीख, जमिनीवरचे दावे वाचून काढावेत. आणि साइट बघायला रविवारी दुपारी जाऊ नये. अनंत चतुर्दशीला सकाळी जावं. राजा निघतो तो गिरगाव चौपाटीला दुसऱ्या दिवशी पोचतो, तोवर बघायला भरपूर वेळ मिळेल. गाडी नेऊ नका, आत सोडणार नाहीत. करी रोडला उतरा आणि चालत या.