वडखळ नाक्यावर वन्यजीव कसे टिपावेत

ताडोबात वाघ दिसेलच, अशी हमी कोणताही गाइड देत नाही. वडखळ नाक्यावर शनिवारी सकाळी नऊ ते बारा या वेळात तुम्ही थांबालच, ही हमी मात्र मी देतो. छायाचित्रणाच्या कोणत्याही पुस्तकात पहिला धडा थांबण्याचाच असतो. एका जागी बसा, घाई करू नका, निसर्गाला तुमची सवय होऊ द्या, वगैरे. लोक हे शिकायला हजारो रुपये भरून कार्यशाळांना जातात, आणि तेच लोक वडखळला फुकट थांबायला मिळालं की हॉर्न वाजवतात.

आधी भूगोल. पेणहून आलेला मुंबई-गोवा महामार्ग इथून पुढे नागोठण्याकडे जातो आणि अलिबागचा फाटा उजवीकडे फुटतो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं मूल आता मागच्या सीटवर स्वतःचा मोबाइल घेऊन बसतं आणि "अजून किती वेळ?" असं विचारायचंही त्याने सोडून दिलं आहे. अशा ठिकाणी छायाचित्रकार निपजले नाहीत, तर दोष छायाचित्रकारांचा.

साहित्य : कॅमेरा, झेपेल तेवढी लेन्स, मोठा रुमाल, वीस-वीसच्या सुट्या नोटा आणि खंबीर मूत्राशय. जंगलात घालायचे हिरवे-खाकी ठिपक्यांचे कपडे आणू नयेत. वडखळची पार्श्वभूमी धुळकट करडी आहे, त्यामुळे साधा पांढरा सदरा घालून खिडकी उघडी ठेवा. पाऊण तासात तुम्ही आपोआप पार्श्वभूमीत मिसळाल.

आता कॅमेऱ्याची मांडणी. उडता खंड्या टिपायला शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावं लागतं. नाक्यावरच्या ट्रेलरसाठी अर्धा सेकंदही चालतो, कारण ट्रेलर हलत नाही. शहरातले हौशी लोक रात्री पुलावर तिकाटणं लावून वाहनांच्या दिव्यांच्या लांबच लांब लाल-पांढऱ्या रेघा टिपतात. तो प्रयोग मी इथे गणपतीच्या आदल्या रात्री केला. तीस सेकंदांनी रेघा नाहीत, नुसते ठिपके आले. चित्र चांगलं होतं, पण दिवाळीचं वाटत होतं.

वन्यजीव आणि रस्ता हे दोन वेगळे विषय आहेत, असं मानणाऱ्यांनी नयन खानोलकर यांचं गल्लीतल्या बिबट्याचं छायाचित्र पाहावं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची वस्ती, रात्र, आणि गल्लीतून घरच्यासारखा चाललेला बिबट्या. लंडनच्या प्रतिष्ठित वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागाचं पारितोषिक त्याला मिळालं. वडखळला बिबट्याची अपेक्षा ठेवू नका. पण रस्त्याचं काम चालू असेल तिथे गायबगळा बघा. गुरांच्या पायाखालून उडणारे किडे टिपायचे, हा त्याचा पिढीजात धंदा. गुरं कमी झाली तसा तो जेसीबीच्या मागे लागला. मातीचा फावडा वर गेला की बगळा खाली, फावडा खाली आला की बगळा दोन पावलं मागे. एवढा शिस्तबद्ध सहायक त्या ठेकेदाराकडे दुसरा नसावा.

शेजारच्या डबक्यावर वंचक असतो. तो तुम्हाला दिसणार नाही. बसलेला असताना तो चिखलाच्या रंगाचा असतो, उडाला की एकदम पांढराशुभ्र. म्हणजे तो दिसतो तेव्हा निघालेला असतो. माझ्याकडे रिकाम्या डबक्याचे चाळीसएक फोटो आहेत. त्यांतल्या बहुतेकांत वंचक आहे, असा माझा दावा आहे.

वडखळ परिसरात चिमण्या दोन प्रकारच्या. पहिली टपरीच्या पत्र्याखाली राहते, पावाचा चुरा खाते, आणि तिचा फोटो कोणी काढत नाही. दुसऱ्या डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या, त्या खात नाहीत, पण प्रत्येकाच्या चित्रात मात्र येतातच. निसर्ग-छायाचित्रकाराचं निम्मं कौशल्य ह्या दुसऱ्या चिमण्या कापण्यात खर्च होतं. कॅमेरा थोडा डावीकडे, थोडा खाली, एखादी फांदी मध्ये, की धरमतरची खाडी सृष्टीच्या पहिल्या दिवशी होती तशी दिसायला लागते. हे मी वर्षानुवर्षं केलं. मग एकदा संध्याकाळी कापायला विसरलो. लालसर धूर, खाली ओहोटीचा चकाकता चिखल आणि त्यात उभे शेकाटे, आपापल्या तांबड्या काटक्यांवर. तो एकच फोटो खाडीचा वाटतो. बाकीचे कॅलेंडरचे.

खाडीत उतरायचं असेल तर भरतीचं गणित शिका. मोबाइलमध्ये ते मिळतं, पण रेंज नसते. जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. खाडीत आत जाल तसा आणखी थोडा उशीर धरा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीचा भांग यांतला फरक छायाचित्रकाराला बुटांवरून कळतो. खारेपाटातल्या शेतकऱ्याला तो बांधावरून कळतो. उधाणाने बांधाला खांड गेली की खारं पाणी भातशेतीत शिरतं. ते दृश्य फार सुंदर दिसतं, आणि म्हणूनच ते टिपताना "वा!" असं मोठ्याने म्हणू नये. मी म्हणालो होतो.

ओहोटीचा मुख्य विषय निवटी. हा मासा पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर टेकत चिखलातून चालतो, ओल्या कातडीने श्वास घेतो, आणि नराला प्रेम आलं की पाठीवरचा पर उभारून उड्या मारतो. त्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यावा, असं शास्त्र सांगतं. म्हणजे आडवं व्हायचं. मी आडवा झालो. अर्ध्या तासाने बांधावरून आवाज आला, "काय परला काय तुमचा?" (आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. माझं काही पडलं नव्हतं, मीच पडलो होतो.) निवटीचा फोटो काढतोय म्हटल्यावर ते काका खाली आले, शेजारच्या बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि एक निवटी माझ्या लेन्ससमोर धरला. "हा घ्या. नीट काढा."

येथे नियम लक्षात ठेवावा. पकडलेल्या, पाळलेल्या किंवा खाऊ घालून बोलावलेल्या जिवाचा फोटो रानटी म्हणून खपवू नये. वर उल्लेखलेल्या स्पर्धेतच २००९ साली फाटकावरून उडी मारणारा लांडगा पहिला आला होता. पुढच्या जानेवारीत तो लांडगा माणसाळलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं आणि पारितोषिक काढून घेतलं गेलं. हाच न्याय मांडव्याच्या बोटीवरून कुरवांना गाठ्या फेकणाऱ्यांना लावला, तर अर्ध्या मुंबईचे प्रोफाइल फोटो उतरवावे लागतील. मी तत्त्वनिष्ठपणे नकार दिला. काकांनी निवटी पिशवीत टाकला. त्यांच्या लेखी फोटो म्हणजे कालवणाला उशीर, इतकंच.

अलिबाग फाट्याला वळलात तर शिंदीच्या झाडांवर सुगरणीचे खोपे शोधा. सालिम अली यांनी १९३० साली किहीमला मुक्काम करून ह्याच पक्ष्याचा अभ्यास केला. लोक खोप्याचं श्रेय सुगरणीला देतात, पण विणकाम नराचं असतं. तो खोपा अर्धा विणून ठेवतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडला तरच तो पुरा होतो. तिचं बस्तान बसलं की हा दुसरा अर्धा खोपा दुसरीला दाखवायला मोकळा. सालिम अलींना ही भानगड खोपे नुसते बघत बसून कळली. ह्या रस्त्याच्या दुतर्फा 'सेकंड होम'चे फलक आहेत, तेव्हा खोपा आणि फलक एकाच चौकटीत बसवण्याचा मोह होईल. आवरू नका.

पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी टिपायला जाणार असाल तर रांगेत उभं राहा. तुमच्या आधी सहा जण तोच कुंचला, तोच डोळा आणि तोच मागचा धूसर हात टिपत असतील. कारागीर श्वास रोखून रेघ ओढतो आणि सातजण शटरचा खडखडाट करतात. त्याची रेघ हलत नाही. आपले फोटो हलतात.

आता रस्ता. रघुबीर सिंग यांनी अँबॅसडर गाडीच्या खिडक्या, काचा आणि आरसे यांच्या चौकटीतून भारत टिपला. त्यांचं ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २००२ साली निघालं. तेव्हा खिडकी हा कमीपणा नाही. वडखळच्या रांगेत तुमच्या खिडकीला उन्हाळ्यात करवंदं आणि ताडगोळे येतात, पुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा, पावसाळ्यात काकड्या. हात आधी दिसतो, माणूस नंतर. फक्त एक पथ्य : आधी विकत घ्या, मग विचारा, मग कॅमेरा उचला. क्रम उलटा झाला तर काकडी महागते.

मी तीन वर्षांपूर्वी क्रम पाळला. विकणाऱ्या बाईंनी टोपली डोक्यावरून उतरवली, पदर सारखा केला आणि बजावलं, "एक मलापण पायजे हां." कबूल केलं. मोठी प्रिंट काढून घेतली. त्यानंतर त्या मला दोनदा दिसल्या, आणि दोन्ही वेळा, ह्या नाक्याच्या इतिहासात न शोभणारी गोष्ट घडली : रांग सुटली. मागून हॉर्न वाजले, मी पुढे सरकलो.

प्रिंट अजून गाडीतच आहे, डॅशबोर्डच्या खणात, पुठ्ठा लावून. हिरव्या काठाचं लुगडं, अंबाड्यावर अबोली, टोपलीला निळं प्लास्टिक. पेणकडून येताना डाव्या हाताला उभ्या असतात. तुम्ही अडकलात आणि दिसल्या, तर एवढं सांगा, फोटो तयार आहे.