मागचा कागद सोलून काढावा

प्रति,
मा. प्रमुख, मागचा कागद विभाग,
जखमेच्या चिकटपट्ट्या आणि सॅनिटरी पॅड बनवणारी कोणतीही कंपनी

विषय : चिकट बाजूवरील संरक्षक कागदाबद्दल जाहीर आभार मानण्याबाबत.
संदर्भ : माझ्या डाव्या हाताचा अंगठा.

महोदय,

(‘महोदया’ असेही लिहिले असते. पण पॅडच्या पंखांवरचा कागद ज्या पद्धतीने बसवलेला असतो तो पाहता आपल्या खात्यात एखादी बाई असेल अशी शंकासुद्धा येत नाही. असल्यास क्षमस्व, आणि बाई, तुम्ही बैठकीत जरा बोलत जा.)

सर्वप्रथम अभिनंदन. जखमी माणसासाठी केलेली वस्तू फक्त धडधाकट माणसालाच वापरता यावी, ही किमया आजवर कोणाला साधली नव्हती. आपण ती साधलीत, आणि तीही बोटभर कागदाच्या जोरावर. पट्टी चांगली निघाली की लोक गोंदाचे कौतुक करतात, कापसाचे करतात, झालेच तर कातडीच्या रंगाचे करतात. (कोणाच्या कातडीचा, हे विचारायचे नाही.) कागदाचे नाव कोणी काढत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली करामत नीट कळण्यासाठी स्वयंपाकघरात यावे लागेल. विळीवर नारळ खवताना अंगठा पात्याला लागतो. डावा हात नळाखाली, उजवा नारळाच्या चोथ्याने माखलेला. खणातली पट्टी सापडते. तिच्या पाकिटाच्या एका टोकाला दोन सुटे कान असतात. एक कान एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात धरून ओढायचे असते. दुसरा हात नळाखाली आहे, म्हणून दुसरा कान दातात. ‘निर्जंतुक’ असे ठळक छापलेले पाकीट माणूस दाताने फाडतो आणि आत शिरतो. आत पांढऱ्या कागदाचे दोन तुकडे मधोमध येऊन भेटलेले. चांगल्या पट्टीत त्यातला एक तुकडा मध्ये दुमडून उलटा घेतलेला असतो, म्हणजे बोटाला धरायला कडा मिळते. स्वस्त पट्टीत ती घडी नसते, नुसता काप असतो. तो काप उजेडाकडे धरून शोधायचा आणि ओल्या नखाने उचकटायचा. एक तुकडा निघाला की मोकळी झालेली चिकट बाजू तत्काळ उजव्या हाताच्या बोटाला मिठी मारते. दुसरा तुकडा काढायला आता तिसरा हात हवा. ‘कापसाला हात लावू नये’ ही सूचना तोवर पाळून झालेली असते, म्हणजे कापूस सोडून कशालाच हात लागायचा राहिलेला नसतो आणि शेवटी त्यालाही लागतो. एवढे होईपर्यंत रक्त कंटाळून आपोआप थांबते. पट्टीने रक्त थांबते ही जाहिरात, त्या अर्थाने, शंभर टक्के खरी.

आमच्या आज्या चिमूटभर हळद दाबायच्या. तिला एकच हात पुरायचा आणि सोलायचे काही नव्हते. या हळदीच्याच जखम भरण्याच्या गुणावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान देऊन 1997 मध्ये ते रद्द करवले. हळद एकदाची सुटली. कागद मात्र अजून सुटायचा आहे.

पण आपल्या घराण्याचा इतिहास थोर आहे, तो विसरून चालणार नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात न्यू ब्रन्सविक नावाचे गाव आहे. तिथे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत अर्ल डिक्सन नावाचे गृहस्थ कापूस खरेदीच्या कामावर होते. त्यांची पत्नी जोसेफीन स्वयंपाक करताना वरचेवर कापून-भाजून घ्यायची. ती घरी एकटी असताना बांधून कोण देणार? 1920 साली डिक्सनरावांनी सर्जिकल टेपची लांब पट्टी पसरली, तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने गॉजच्या घड्या ठेवल्या आणि टेपचा चिकटपणा टिकावा म्हणून वरून क्रिनोलीन नावाचे खळ दिलेले ताठ कापड अंथरले. जोसेफीनबाईंनी हवा तेवढा तुकडा कात्रीने कापायचा, कापड सोलायचे, लावून मोकळे व्हायचे. कोणाला हाक मारायला नको.

महोदय, ते कापड म्हणजे आपला मूळपुरुष. त्याची चाचणी झाली ती कापलेल्या बोटांनी, चुलीशेजारी. पुढच्याच वर्षी पट्टी बाजारात आली तेव्हा ती अडीच-तीन इंच रुंद आणि 18 इंच लांब होती, हाताने बनवलेली, आणि लोकांना तिचे करायचे काय हे कळेना, म्हणून खप बेताचा. 1924 पासून ती यंत्रावर बनू लागली आणि पुढे जगभर पोचली. यंत्र आले हे उत्तमच झाले, नाहीतर आमच्या खणापर्यंत पट्टी कुठून येती? फक्त एक झाले. यंत्र आल्यावर मागच्या कागदाला नवा मालक मिळाला. हा एकाच कंपनीचा दोष नाही, सगळ्यांचेच तसे झाले. आता कागदाने आधी यंत्राचे समाधान करायचे, आणि जोसेफीनबाईंचे जमले तर.

यंत्राचे समाधान आपण ज्या निष्ठेने करता त्याला तोड नाही. गुळगुळीत दाबलेल्या कागदाच्या प्रचंड रिळावर सिलिकोनचा थर चढवायचा, चौरस मीटरला साधारण एक ग्रॅम. केसाच्या जाडीचा पन्नासावा हिस्सा म्हटले तरी जास्तच होईल. हा थर नीट पक्का झाला नाही तर सिलिकोन गोंदावर उतरते आणि पट्टी कातडीला चिकटायची थांबते. फार ढिला ठेवला तर कागद यंत्रावरच सुटून भलतीकडे उडतो. फार घट्ट ठेवला तर सोलताना फाटतो. या दोन्हींच्या मधली रेषा आपण बरोबर पकडलेली आहे. ती पकडली हे कसे कळते? चाचणी आहे. युरोपातल्या लेबल उद्योगाच्या ‘फिनात’ या संघटनेने ठरवून दिलेली कागद सुटण्याची एक पद्धत अशी, की तुकडा यंत्राच्या जबड्यात पकडायचा आणि 180 अंशांत, मिनिटाला 300 मिलिमीटर या वेगाने सोलत किती जोर लागतो ते मोजायचे. या संथ लयीत नेहमीच्या एका पट्टीचा कागद सुटायला पंधराएक सेकंद लागतील. विलंबित ख्याल ऐकायला ठीक आहे. रक्त टपटपत असताना आमच्या घरात इतक्या शांतपणे कोणी काही सोललेले मी पाहिले नाही. आणि त्या जबड्याला कधी पाणी लागलेले नसते, तेल लागलेले नसते, त्याची नखे नुकतीच कापलेली नसतात. जबडेही दोन असतात, आणि दोन्ही शाबूत.

बरे, कडा सापडावी यासाठी काय करावे हे माणसाला ठाऊक नाही असेही नाही. कंबरदुखीच्या काही पॅचच्या मागच्या कागदाला मधोमध लाटेसारखी नागमोडी चीर असते. पॅच जरा वाकवला की चिरेची कड आपोआप वर येते, नखाचे काम नाही. म्हणजे कंबर धरलेल्या माणसाचा विचार झाला. बोट कापलेल्याचा नंबर बहुधा पुढच्या आर्थिक वर्षात आहे.

आपल्या कागदाचे सामाजिक कार्य मात्र मान्य केलेच पाहिजे. नवी चप्पल चावली की टाचेला पट्टी लावायची वेळ येते ती नेमकी लोकलमध्ये, एका हाताने कडी धरलेली असताना. महिलांच्या डब्यात अशा वेळी स्वतःची पट्टी स्वतः कोणी सोलत नाही. शेजारची अनोळखी बाई न विचारता पट्टी काढून घेते, ‘थांब गं, तुझ्याच्याने नाही होणार’ म्हणते, तिची शेजारीण कागद धरते, तिसरी आपल्या चप्पलवाल्याचा पत्ता सांगते. एका पट्टीला तीन बायका आणि ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतचा वेळ. राष्ट्रीय एकात्मतेवर सरकार उगीच खर्च करते.

आता पॅडकडे वळू. इथे तर आपण एका वस्तूला तीन आवरणे देता: बाहेरचे पाकीट, पाठीवरची लांब पट्टी आणि पंखांवरचा वेगळा तुकडा. आमच्या आजीच्या काळी पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणत. कावळ्याचा मोठा गुण असा, की तो आवाज न करता शिवायचा. आपला कागद तसला चोरटा नाही. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या स्वच्छतागृहात कोणी पाकीट उघडले की चर्र, पाठीवरचा कागद निघाला की चर्र, पंखांचा निघाला की पुन्हा चर्र. बाहेर हात धूत उभ्या असलेल्या तिघीजणी आरशात बघत काहीच ऐकले नाही असा चेहरा करतात. आधी मेडिकलवाला तेच पुडके वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून, स्मगलिंगच्या मालासारखे हातात देतो. त्याने केलेल्या एवढ्या बंदोबस्ताची वाट आपला कागद तीन सेकंदांत लावतो. आणि पंख! तो कागद सोलला की दोन्ही पंख आधी एकमेकांना चिकटतात, मग बोटांना, आणि सगळ्यात शेवटी जिथे चिकटायचे तिथे. दार ढकलले की उघडेल अशी कडी, खांद्याला पर्स, हूक तुटलेला. या परिस्थितीत मिनिटाला 300 मिलिमीटर.

काही कंपन्या आता पाठीवरचा वेगळा कागद काढून टाकून पाकिटाच्या आतल्या बाजूलाच थर देतात. पॅड पाकिटातून सोलूनच बाहेर येते. हे शहाणपण कोणाचे, माहीत नाही. त्या व्यक्तीला माझा नमस्कार सांगा, तो उपरोधिक नाही.

कारण सोललेल्या कागदाचे पुढे काय होते, हा प्रश्न उरतोच. सिलिकोन चढलेला कागद नेहमीच्या रद्दीच्या लगद्यात मुरत नाही, म्हणून कागद असूनही तो रद्दी नव्हे. आणि वापरलेल्या पॅडचे? 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कंपन्यांना सांगितले, की पुनर्चक्रणयोग्य साहित्य वापरता येते का ते पाहा, नाहीतर प्रत्येक पॅडसोबत टाकताना गुंडाळायचे पाकीट द्या. आम्हालाही सांगितले, की पॅड त्यात नीट गुंडाळूनच टाका. नियम छान. पण पाकीट द्यायचे म्हणून दिलेले काही नमुने इतके आखूड असतात, की त्यात पॅड गुंडाळणे म्हणजे मोठ्या नवरदेवाला धाकट्याचा फेटा बांधणे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने शेवटी स्वतःच मार्ग काढला: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेगळे करणाऱ्या बाईला उघडून बघावे लागणार नाही. त्याआधी त्यांनी वापरलेली पॅड गोळा करून उत्पादकांना परत पाठवूनही पाहिली होती. आपल्या खात्याला आलेल्या पत्रांमध्ये ते पार्सल सगळ्यात मुद्देसूद होते असे मला वाटते. माझे हे त्यामानाने फारच शाब्दिक.

तेव्हा मागणी थोडकीच आहे. पुढच्या नमुन्याची चाचणी प्रयोगशाळेत जरूर घ्या, पण एकदा आमच्याकडे घ्या. बोटांना खोबरेल, डावा हात पाठीमागे बांधलेला, लाईट गेलेली, बाजूला एक मूल रडतेय, आणि आपल्या विभागाचे प्रमुख स्वतः कागद सोलताहेत. पॅडची चाचणी ऑफिसच्या जिन्याखालच्या स्वच्छतागृहात होईल. कडी तुटलेली आहे, दाराबाहेर आम्ही उभ्या राहू आणि काही ऐकू आले तर नोंद करू. तीन रुपयांची पट्टी आणि पंधरा रुपयांची पट्टी यांत फरक ठेवायचा तर कापसात ठेवा, चित्रांत ठेवा. मधली घडी दोन्हींना द्या. तिला लागतो तो चिंचोक्याएवढा जास्तीचा कागद, आणि तो आपण पंखांवरून वाचवू शकता.

या पत्राचे उत्तर पोस्टकार्डावर चालेल. पाकीटच पाठवणार असाल तर त्याला साधी खळ लावावी, चिकटपट्टी सोलून बंद करायचे पाकीट नको.

आपली,
एक ग्राहक
(सही उजव्या हाताची आहे.)